काचपेटीतला चुकणारा ठोका

१

काचपेटी वर्कशॉपच्या टेबलावर आली तेव्हा तिच्यात बाळाची गादी तशीच होती. हॉस्पिटलच्या माणसांना ती काढायचं भान राहिलं नव्हतं आणि वर्कशॉपमध्ये तिला हात लावायला कुणी धजत नव्हतं. शेवटी वैद्यबाईंनीच ती उचलली, घडी घातली आणि कपाटावर ठेवली.

वैद्यबाई म्हणजे औषधं देणाऱ्या बाई नव्हेत. वेळेआधी जन्मलेल्या बाळांना उबेत ठेवायच्या काचपेट्या ही कंपनी बनवत असे आणि त्यातली एखादी रुसली की ती बाईंच्या टेबलावर येई. मग कान देऊन, हात लावून, उलटसुलट प्रश्न विचारून बाई दुखणं नेमकं कुठे आहे ते सांगत. कुणीतरी गमतीने हे नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं की खरं नाव आता फक्त घरच्यांनाच ठाऊक असावं.

या पेटीने आदल्या दुपारी भलताच घोळ घातला होता. वॉर्डात सगळं सुरळीत चालू असताना तिचा अलार्म वाजला, पडद्यावर ‘सेन्सरशी संपर्क नाही’ अशी अक्षरं आली आणि हीटर बंद पडला. यात पेटीचं काही चुकलं नाही म्हणा. आत किती गरम आहे तेच कळत नसेल तर तापवू नये, असंच तिला शिकवलेलं होतं. सिस्टरने ती बंद करून परत चालू केली, जरा वेळ चालली, पुन्हा तेच. या धावपळीत आतलं बाळ गारठलं. सिस्टरने त्याला फ्लॅनेलमध्ये गुंडाळून छातीशी धरलं म्हणून बरं, नाहीतर काय झालं असतं याचा विचारही नको.

बाळ बचावलं. पण त्या वॉर्डात याच कंपनीच्या आणखी तीन पेट्या होत्या आणि तिन्हींत बाळं होती. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कंपनीच्या साहेबांना फोनवर एकच प्रश्न विचारला होता. बिघाड त्या एका पेटीत आहे की सगळ्यांत? एकीतच असेल तर बाकीची बाळं आहेत तिथेच राहतील. सगळ्यांत असेल तर त्यांना रुग्णवाहिकेतून लांबच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवावं लागेल, आणि सगळ्यात लहान बाळ तो प्रवास सोसेल याची खात्री त्या देऊ शकत नव्हत्या. संध्याकाळच्या फेरीआधी त्यांना उत्तर हवं होतं.

हे सगळ्यात लहान बाळ म्हणजे वैद्यबाईंच्या धाकट्या बहिणीचा मुलगा.

गादी कपाटावर ठेवून होते न होते तोच धाकटीचा फोन आला. रडत नव्हती. रडून झालेल्या माणसाचा आवाज होता.

“ताई, ती बंद पडलेली पेटी तुमचीच ना?”

“हो.”

“आणि आमची?”

“तीही आमचीच.”

धाकटी म्हणाली, “हलवायचं की नाही, ते तू सांग. डॉक्टर दोन्ही बाजू समजावतात आणि माझ्या डोक्यात काही शिरत नाही. तू सांगशील तसं करू.”

संध्याकाळपर्यंत सांगते, असं बाईंनी कबूल करून टाकलं. यंत्रांच्या बाबतीत त्या सहसा चुकत नसत, पण आजवरच्या कुठल्याच यंत्रात त्यांचा भाचा झोपलेला नव्हता.

त्यांनी पेटीची पिन लावली आणि बटण दाबलं. पडदा उजळला, हीटर चालू झाला, सेन्सरचे आकडे एकामागून एक शहाण्या मुलांसारखे येऊ लागले. चहा आला, थंड झाला, तरी पेटीने तक्रारीचा चकार शब्द काढला नाही.

२

चोर सापडत नसला की आधी घरातली माणसं बोलवावीत, या हिशेबाने साहेबांनी तिघांना वर्कशॉपमध्ये उभं केलं. काचपेटीच्या पोटात जे काही होतं ते या तिघांच्या हातून गेलेलं होतं.

प्रकरण तसं समजायला सोपं होतं. पेटीत दोन कार्डं असतात. एक वर, बाळाच्या गादीखाली, गरम हवेच्या वाटेवर. ते ऊब मोजतं. दुसरं खाली, थंड जागी. ते हीटर सांभाळतं. वरचं कार्ड खालच्याला एका तारेवरून सारखे निरोप पाठवतं, एकेक अक्षर करून, आणि प्रत्येक अक्षर म्हणजे विजेच्या ठोक्यांची एक छोटी ओळ. निरोप धड पोचले तर ठीक. पोचले नाहीत किंवा वेडेवाकडे पोचले, की खालचं कार्ड हीटर बंद करून बोंब ठोकतं. तेव्हा प्रश्न एवढाच होता, की निरोप कोण बिघडवतंय?

पहिले तात्या. कार्डाचा नकाशा त्यांचा. वय झालेलं, शब्द ठाम, आणि स्वतःच्या कार्डांवर पोटच्या पोरांसारखी माया. त्यांनी आल्या आल्या निकालच देऊन टाकला. वॉर्डात एक्स-रेची गाडी फिरते, ती चालू झाली की तारेत विजेचे नको ते झटके शिरतात आणि निरोपांची वाट लागते. दोष हॉस्पिटलचा. आपण कानांवर हात ठेवावेत आणि मोकळं व्हावं.

दुसऱ्या अक्का. जोडणी विभाग त्यांच्या हाताखाली. त्या आल्या की कार्डांवर फासायच्या लॅकरचा वास आधी येई आणि अक्का मागून. त्यांचं म्हणणं, दोन कार्डांमधली केबल बघा. ऑफिसने स्वस्तातली केबल घेतली तेव्हाच त्या बोलल्या होत्या, पण जोडणीवाल्यांचं ऐकतो कोण. एवढं बोलून त्यांनी हाताची घडी घातली आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

तिसरा मौनी. दोन्ही कार्डांच्या चिपमधला प्रोग्राम त्याचा. बोलायचे पैसे पडतात अशा समजुतीने वागणारा हा मुलगा आज त्याहून गप्प होता. त्याला कारणही होतं. प्रोग्राम चुकला असेल तर उद्यापासून येऊ नकोस, असं साहेबांनी सकाळीच त्याच्या तोंडावर सांगितलं होतं. बाईंनी विचारलं, प्रोग्राममध्ये हल्ली काही बदललंस का?

“निरोप वाचायच्या भागाला मी हात लावलेला नाही,” मौनी म्हणाला.

उत्तर साळसूद होतं. बाईंनी विचारलं होतं अख्ख्या प्रोग्रामबद्दल आणि याने सांगितलं एका भागाबद्दल. पण त्यावरून त्याला तिथल्या तिथे धारेवर धरावं, तर साहेब टपूनच बसले होते. बाईंनी ते मनात ठेवलं आणि वॉर्डात फोन लावला.

सिस्टर कामात होत्या, तरी बोलल्या. हो, काल दुपारी एक्स-रेची गाडी आली होती. तात्यांनी विजयी मुद्रेने सगळ्यांकडे पाहिलं. बाईंनी विचारलं, अलार्मच्या आधी आली की नंतर? सिस्टर म्हणाल्या, नंतरच की, बाळ गारठून धापा टाकायला लागलं म्हणून तर छातीचा फोटो काढायला गाडी बोलावली. तात्यांची मुद्रा जरा उतरली.

“मग अलार्मच्या आधी काय बदललं होतं? काहीही चालेल, क्षुल्लक असलं तरी सांगा.”

“बदललं असं काही नाही हो. बाळाचं वजन वाढत नव्हतं म्हणून डॉक्टरांनी ऊब अगदी शेवटपर्यंत वाढवायला सांगितली होती. ती वाढवली आणि थोड्या वेळाने हे झालं.”

बाईंनी फोन घट्ट धरला. पुढचा प्रश्न त्यांना विचारायचा नव्हता, तरी विचारला. कोपऱ्यातल्या पेटीत, म्हणजे त्यांच्या भाच्याच्या पेटीत, ऊब कितीवर आहे?

“त्याची आज दुपारी वाढवायची आहे,” सिस्टर म्हणाल्या. “शेवटपर्यंत.”

३

थांबा, एवढंच सांगून चालणार नव्हतं. ऊब वाढवली नाही तर त्या चिमुकल्या जिवाला थंडी बाधणार, वाढवली तर पेटी बंद पडायची भीती. बाईंनी डॉक्टरीणबाईंना विनंती केली, त्यांनी ऊब वाढवणं संध्याकाळच्या फेरीपर्यंत लांबवलं, पण त्याच्या पुढे नाही असं बजावूनच.

बाई टेबलाकडे वळल्या आणि त्यांच्या लक्षात आलं, की आपण सकाळपासून पेटीचं झाकण उघडं ठेवून बसलोय. वर्कशॉपची रीतच होती ती. झाकण उघडं असलं की विजेचे ठोके पडद्यावर दाखवणाऱ्या स्कोपची टोकं लावायला बरं पडतं, कार्डं डोळ्यांसमोर राहतात. आजवर या पेट्यांची प्रत्येक तपासणी अशीच झालेली, उघड्यावर, पंख्याखाली. ज्या उबेत ते कार्ड दिवसरात्र राहणार होतं, तिथे जाऊन त्याची विचारपूस कुणी केलीच नव्हती.

त्यांनी झाकण लावलं, ऊब शेवटपर्यंत वाढवली आणि खुर्ची ओढून बसल्या. तिघेही उभेच. साहेब येरझारा घालत होते आणि त्यांच्या बुटांचा आवाज सगळ्यांच्या डोक्यात जात होता. काच आतून तापली. आकडा चढत चढत वर गेला. बाईंच्या मनात आलं, आता वाजू नये. वाजला नाही तर कारण हाती लागणार नाही, हे कळत असूनही त्यांना तसंच वाटलं.

अलार्म वाजला.

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. अक्का मात्र पुढे झाल्या. गरम झालं की केबलचा जोड सैल पडतो, मी काय सांगत होते? म्हणणं रास्त होतं. बाईंनी जुनी केबल काढली आणि तिच्या जागी वीतभर जाड तार स्वतः कथलाचा डाग देऊन जोडली. खोचायचा जोडच नाही, सैल काय पडणार? पेटी पुन्हा तापवली आणि अलार्म पुन्हा वाजला.

“मौनी, निरोपांचा वेग कमी कर. पाव कर.”

मौनीने दोन्ही कार्डांत वेग पाववर आणला. घाईघाईत बोलणाऱ्याचे शब्द हरवतात, सावकाश बोलणाऱ्याचे नाही. तार खराब असेल किंवा कुठून झटके येत असतील, तर इतक्या सावकाश पाठवलेले निरोप बहुतेक सगळे धड पोचायला हवेत. बाईंनी झाकण लावलं. या वेळी वाट बघताना कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

अलार्म पहिल्याइतकाच वेळ घेऊन वाजला.

“असं कसं होईल?” तात्या हळूच म्हणाले. त्यांच्या आवाजातला ठामपणा पहिल्यांदाच कमी झाला होता. बाई मात्र हसल्या नाहीत. तारेवरचा संशय फिटला होता आणि त्याचबरोबर एक आशाही गेली होती. तार असती, तर ती या एकाच पेटीतली असती.

४

आता बाईंनी बिघडलेले निरोपच समोर मांडले. स्कोपच्या पडद्यावर एकेक अक्षर थांबवून त्या ठोके बघू लागल्या. पहिल्या काही अक्षरांत काहीच हाती लागेना. मग त्यांनी मौनीला शेजारी बसवलं आणि दोघं मिळून एकेक अक्षर चाळू लागले. बराच वेळ गेला. साहेबांनी दोनदा घड्याळ बघितलं आणि तिसऱ्यांदा बघणार तेवढ्यात बाईंनी बोट टेकवलं.

“हे बघ. सुरुवातीचे ठोके सगळे जागच्या जागी. बिघडलाय तो शेवटचा. याच्यात शेवटचा, त्याच्यातही शेवटचा. आधीचा एकही बिघडलेला नाही.”

बाहेरून झटका आला तर तो कुठेही बसेल. सुरुवातीला, मध्ये, शेवटी. हा मात्र नेमाने शेवटीच येत होता. बाईंनी तात्यांना जवळ बोलावलं आणि टेबलावर टाळी वाजवून दाखवली. दोन माणसांनी डोळे मिटून एकाच क्षणी टाळ्या सुरू केल्या आणि त्यातल्या एकाची लय किंचित वेगळी असली, तर पहिल्या काही टाळ्या जुळतात. फरक साठत जातो आणि शेवटची टाळी चुकते. नवीन अक्षर आलं की दोघं पुन्हा एकत्र सुरुवात करतात, म्हणून पुन्हा सुरुवात बरोबर आणि शेवट चूक. आणि सावकाश वाजवल्याने हे सुधारत नाही, कारण लयच वेगळी आहे. तार, झटके, केबल, सगळे निर्दोष. दोन कार्डांची घड्याळं जुळत नव्हती. वरचं कार्ड तापलं की त्याचं घड्याळ चुकायला लागत होतं.

तात्यांना हे लागलं. कार्डाला वेळ दाखवण्यासाठी त्यांनी त्यावर क्रिस्टल बसवलेलं होतं, चकचकीत डबीतलं, आणि क्रिस्टलची लय एवढ्याशा उबेने बदलत नसते. “हे काय दिसतंय? बसवलंय की नाही?” त्यांनी कार्डावर बोट ठेवलं. बसवलेलं होतं. जागच्या जागी, नीट डाग दिलेलं, लॅकरच्या थराखाली चमकत होतं. तात्या म्हणाले ते खरं होतं आणि बाई म्हणाल्या तेही खरं होतं, आणि दोन्ही एकाच वेळी खरं असून चालणार नव्हतं.

इतक्यात धाकटीचा फोन वाजला. बाईंनी तो घेतला नाही. घेऊन सांगायचं काय?

त्यांनी खणातून बारीक चिमटा काढला. साहेबांनी विचारलं, हे काय करताय? बाई म्हणाल्या, कार्ड या क्रिस्टलच्या तालावर चालत असेल तर क्रिस्टलचे दोन पाय एकमेकांना जोडले की ते जागीच थांबेल. निरोप बंद पडतील. चिमटा काढला की पुन्हा सुरू होतील. मग मी तात्यांची माफी मागेन.

चिमट्याच्या टोकांनी त्यांनी पायांवरचं लॅकर खरवडलं, चालत्या कार्डावर टोकं दोन्ही पायांना एकदम टेकवली आणि दाबून धरली. सगळ्यांचे डोळे स्कोपच्या पडद्यावर होते.

निरोप येतच राहिले. एकामागून एक, जणू काही झालंच नाही. क्रिस्टल मेलेलं होतं आणि कार्ड खुशाल बोलत होतं.

५

“हे कुणाच्या तालावर चाललंय?” बाईंनी विचारलं. त्यांनी कुणाचं नाव घेतलं नव्हतं, पण मौनीने मान खाली घातली.

मग सगळं बाहेर आलं, आणि तेही एकाच्या तोंडून नाही. अर्धं अक्कांनी सांगितलं, अर्धं मौनीने, आणि मधलं एक वाक्य खुद्द साहेबांना सांगावं लागलं.

मागे एका हॉस्पिटलातून तक्रार आली होती, की पेटीतल्या दमटपणामुळे वरच्या कार्डावर बुरशी धरते. बाळाच्या श्वासाजवळ बुरशी म्हणजे काही साधी गोष्ट नव्हे. साहेबांनी तेव्हा हुकूम सोडला, की यापुढे प्रत्येक कार्डावर लॅकरचा दुहेरी थर द्यायचा. हे ते विसरून गेले होते. अक्कांनी हुकूम पाळला. तेव्हापासून अधूनमधून एखादं कार्ड तपासणीत जागंच होईना. अशा कार्डांचा ढीग वाढायला लागला, माल अडकला, जोडणीच्या बायकांवर ठपका यायला लागला. अक्कांनी जाऊन मौनीच्या हातापाया पडण्याचं तेवढं बाकी ठेवलं. काहीतरी कर बाबा, कार्डं चांगली आहेत, नुसती उठत नाहीत.

मौनीने काहीतरी केलं. दोन थरांच्या ओझ्याखाली क्रिस्टल कधीकधी हलायलाच सुरुवात करत नाही, हे त्याला कळलं होतं. चिपच्या पोटात तिचं स्वतःचं एक कामचलाऊ घड्याळ असतंच. क्रिस्टल वेळेत जागं झालं नाही तर अडून न राहता त्या आतल्या घड्याळावर काम सुरू करावं, एवढं त्याने प्रोग्रामच्या अगदी सुरुवातीला घातलं. निरोप वाचायच्या भागाला हात लावला नव्हता, हे त्याने खरंच सांगितलं होतं. ढीग नाहीसा झाला. जोडणीच्या बायकांनी त्याचे आभार मानले. कार्डं उघड्यावर, पंख्याखाली तपासली गेली आणि सगळी पास झाली. आतलं घड्याळ गार हवेत बऱ्यापैकी चालतं. तापलं की वाहवत जातं.

“आणि मला सांगितलं कुणी?” तात्या म्हणाले. “लॅकरचा दुसरा थर येणार, हे मला कळलं असतं तर क्रिस्टलभोवतीची जुळणी मी बदलून दिली असती. अर्ध्या दिवसाचं काम होतं.”

प्रत्येकाने आपापल्या परीने बाळाचं किंवा शेजाऱ्याचं भलंच बघितलं होतं आणि सगळ्यांच्या भलेपणाची बेरीज होऊन एक मूल गारठलं होतं. बाईंना राग आला. मौनीचाही, अक्कांचाही, आणि ते विसराळू साहेब तर समोरच होते. पण रागवायला सवड नव्हती. कोडं सुटलं होतं आणि डॉक्टरीणबाईंच्या प्रश्नाचं उत्तर अजून मिळालंच नव्हतं. बिघाड एका पेटीत नव्हता, सगळ्यांतही नव्हता. ज्यांचं क्रिस्टल उठलं त्या पेट्या ठणठणीत, ज्यांचं उठलं नाही त्या धोक्याच्या. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसत होत्या. आणि बाळ आत झोपलेलं असताना गादीखालच्या कार्डाला चिमटा लावून कुणी बघणार नव्हतं.

६

तोड मौनीनेच काढली. स्वतःच्या चाचणीसाठी त्याने प्रोग्राममध्ये एक पडदा लपवून ठेवला होता, तो बाईंनाही ठाऊक नव्हता. दोन बटणं एकदम दाबून धरली की आजवर किती निरोप बिघडले तो आकडा दिसतो. क्रिस्टलवर चालणाऱ्या पेटीत तो शून्यच असणार. आतल्या घड्याळावर चालणारी पेटी जरा जरी तापली असेल तर तिथे काहीतरी साठलेलं असणार.

साहेबांनी तत्काळ वॉर्डात फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. सिस्टर एकेका पेटीपाशी गेल्या. दाराजवळची, शून्य. मधली, शून्य. कोपऱ्यातल्या पेटीपाशी धाकटी बसलेली होती. तिला काय चाललंय ते कळत नव्हतं, पण सिस्टरचे हात कुठे जातायत ते ती बघत असणार.

“शून्य,” सिस्टर म्हणाल्या.

बाईंचा जीव भांड्यात पडला. साहेबांनी मोठ्याने श्वास सोडला. तिन्ही ठीक आहेत, बिघाड त्या एकाच पेटीत होता, असं ते डॉक्टरीणबाईंना कळवणारच होते. सिस्टरही हसून म्हणाल्या, बरं झालं बाई, आत्ता सकाळीच तर बिचारीची जागा बदलली, ती पेटी तुमच्याकडे पाठवली तेव्हा हिचं सॉकेट बदलून हिला कोपऱ्यात घेतलं.

मौनीचा चेहरा उतरला. बाईंनी तो उतरताना पाहिला. तो गप्प बसला असता तर कुणाला कळलं नसतं, आणि गप्प बसणं त्याला चांगलं जमत होतं. साहेबांच्या तोंडून “एकाच पेटीत” हे शब्द निघाले असते, प्रकरण मिटलं असतं आणि त्याची नोकरीही कदाचित राहिली असती.

“थांबा,” मौनी म्हणाला. “वीज तुटली की तो आकडा पुसला जातो. कोपऱ्यातल्या शून्याला काही अर्थ नाही.”

साहेबांनी त्याच्याकडे असं बघितलं की दुसरा कुणी असता तर तिथेच गळून पडला असता. मौनी पडला नाही. त्याने विचारलं, बाकीच्या दोन कधी बंद केल्या होत्या का? सिस्टर म्हणाल्या, नाही, त्या बाळं आली तेव्हापासून अखंड चालू आहेत, आणि मध्यंतरी दोन्हींना शेवटपर्यंत ऊब दिलेली होती. म्हणजे त्या दोन खऱ्याखुऱ्या शून्य. कोपऱ्यातलीचं मात्र कुणालाच माहीत नव्हतं.

डॉक्टरीणबाई फोनवर आल्या. “माझ्या प्रश्नाचं उत्तर द्या. ते बाळ आहे तिथे राहू दे की नको?”

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाईंना माहीत होतं की धाकटी पलीकडे ऐकतेय. दिवसभर त्यांनी एकेक शक्यता खोडली होती, आणि जिथे सगळ्यात गरज होती तिथे हातात काहीच नव्हतं.

“मला माहीत नाही,” बाई म्हणाल्या. “ती पेटी चांगली असेल किंवा वाईट. मला माहीत नाही, म्हणून त्याला तिच्यात ठेवू नका. पण रुग्णवाहिकेचीही गरज नाही. दाराजवळची आणि मधली, या दोन्हींची मी खात्री देते.”

डॉक्टरीणबाईंनी फार विचार केला नाही. दाराजवळच्या पेटीतलं बाळ आता बाळसं धरून उद्या-परवा घरी जाणार होतं. त्याला आजच आईच्या उघड्या छातीशी द्यायचं, उबेला तेवढं पुरे होतं. मग रिकाम्या झालेल्या पेटीत धाकटीचा मुलगा. वॉर्डाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एवढाच प्रवास. फोन चालूच होता. पावलांचे आवाज आले, कुणीतरी हळू, हळू म्हणालं, कपड्यांची सळसळ झाली. वर्कशॉपमध्ये अक्का डोळे मिटून उभ्या होत्या. बऱ्याच वेळाने सिस्टर म्हणाल्या, ठेवलं, छान झोपलाय, ऊब वाढवतेय.

“आता ती कोपऱ्यातली रिकामी पेटी शेवटपर्यंत तापवा,” बाई म्हणाल्या, “आणि फोन तिच्याजवळ ठेवा.”

साहेबांना ते पटलं नाही. बाळ हललं ना, मग आपणहून आपल्याविरुद्ध पुरावा कशाला गोळा करायचा? बाईंनी त्यांना सरळ विचारलं, लॅकरचा हुकूम दिल्यापासून अशा पेट्या आणखी किती हॉस्पिटलांत गेल्या? साहेबांनी फोन टेबलावर ठेवला.

सगळे टेबलाभोवती उभे राहिले. फोन मधोमध. पलीकडे वॉर्डातला पंखा ऐकू येत होता, एखादं बाळ कुरकुरत होतं. बाईंना वाटू लागलं, कदाचित ती चांगलीच निघेल, आणि उगाच हलवलं म्हणून धाकटी पुढे कधीतरी बोलून दाखवेल. बोलू दे. जन्मभर बोलू दे, चालेल.

मग फोनमधून अलार्म वाजला.

बाईंनी खुर्चीची पाठ धरली. मौनीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. पलीकडे धाकटीची पावलं कोपऱ्यापर्यंत आली आणि थांबली.

“ताई, वाजतेय ही.”

“ऐकू येतंय मला.”

“आत कुणी नाहीये,” धाकटी म्हणाली, आणि आता कुठे तिला रडू फुटलं. “ताई, आत कुणी नाहीये.”

साहेबांनी दुसरा फोन ओढून घेतला आणि बाकीच्या हॉस्पिटलांचे नंबर लावायला सुरुवात केली. वॉर्डात अलार्म तसाच वाजत होता. तो बंद करायची घाई आज कुणालाच नव्हती.